क्लच स्लिप होत होता

१० नोव्हेंबर, रविवार

शाळेनं निरोप समारंभाला ही डायरी दिली. पहिल्या पानावर मुख्याध्यापिकाबाईंनी ‘उर्वरित आयुष्यासाठी शुभेच्छा’ असं लिहिलंय. जन्मभर मुलींना भूमिती शिकवली, आता उर्वरित आयुष्य उरलं म्हणे. बरं.

आज पुन्हा घरात पंगत. कारण गेल्या रविवारी आमचे हे पुन्हा शेवटचे आले. ह्यांच्या मोटार क्लबात आठशे सीसीच्या जुन्या, छोट्या गाड्यांच्या शर्यतींचा एक वर्ग आहे. त्यांची रीत अशी, की जो शेवटचा येईल त्यानं पुढच्या रविवारी बाकीच्यांना घरी जेवायला बोलवायचं. ऐकायला गोड आहे. फक्त शेवटचा येणारा नेहमी एकच, आणि पोळ्या लाटणारीही एकच.

जेवायला तिघं होते. आनंद, मार्केट यार्डातला गुळाचा व्यापारी, गाडी केशरी. श्रद्धा, अकोल्याची मुलगी, खराडीत कॉम्प्युटरवर काहीतरी करते. आणि ऋषी, जो जेवताना एकही शब्द बोलला नाही.

मी आनंदला म्हटलं, “तुझी गाडी तर म्हणे अर्धा वेळ वाफ सोडत होती. तरी ह्यांच्या पुढे?”

तो ताकाचा पेला तोंडाला लावून बसला. ह्यांनीच उत्तर दिलं, “माझा क्लच स्लिप होत होता.”

दर वेळी क्लच! बँकेत इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला एखादी वेगळी सबब सुचू नये?

मठ्ठा संपल्यावर ऋषीनं तोंड उघडलं. गाडी विकली म्हणाला. टर्बोवाली घेतलीय, मोठ्या वर्गात जातोय. “काका, आपल्या क्लासमध्ये आता काही थ्रिल नाही ओ.” हे म्हणाले, “छान, छान,” आणि त्याला अजून एक पोळी वाढली. वाढताना पोळी ताटाच्या बाहेर पडली. वेंधळेपणा वाढतच चाललाय.

१३ नोव्हेंबर, बुधवार

क्लबाच्या हिंमतरावांचा फोन. ९ फेब्रुवारीला नव्या हंगामाची पहिली शर्यत. छोट्या वर्गात त्या दिवशी चार गाड्या उभ्या राहिल्या तर वर्ग चालू, नाहीतर कायमचा बंद. उरल्यात तीन.

ह्यांनी फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसले. मी म्हटलं, “बंद होईना का. मला रविवार मिळतील.” बोलून गेले नि लगेच वाटलं, जीभ जरा आवरायला हवी होती. ह्यांना एवढं खचलेलं मी आमचा मुलगा केदार परदेशी गेला तेव्हाच पाहिलंय.

मग मी नीट विचारलं, की एवढं काय आहे त्या डबड्यांत. हे म्हणाले, “अगं, मोठ्या गाडीत चूक केली तर इंजिन ती झाकतं. पाय दाबला की झालं. ह्या गाडीत एकदा वेग घालवला की तो परत येईपर्यंत बाकीचे चहा पिऊन येतात. म्हणून तो घालवायचाच नाही. आधीपासून बघायचं, आधीपासून ठरवायचं. जोर नसला की माणूस गाडी चालवायला शिकतो. हा वर्ग गेला तर नवी मुलं शिकणार कुठं?”

भाषण चांगलं होतं. मी कढी गरम केली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

हल्ली हे गाडी (शर्यतीला नि बाजाराला आमची एकच) मलाच चालवायला लावतात. शेजारी ऐटीत बसतात. आळस, दुसरं काय! आज मार्केट यार्डात आनंदकडे गूळ आणायला गेलो. येताना ही गर्दी. ह्यांनी मध्येच विचारलं, “सुहास, तू ब्रेक का लावत नाहीस?”

म्हटलं, “पेट्रोल काय फुकट मिळतं? पुढची रिक्षा थांबणार हे त्या माणसाच्या खांद्यावरून कळतं. मग आधीच पाय काढायचा. हडपसरच्या शाळेत रोज जात होते मी, सहकारनगरातून, ह्याच छोट्या गाडीनं. पोरांसारखे ब्रेक मारत राहिले असते तर अर्धा पगार पंपावर गेला असता.”

हे घरापर्यंत माझ्या पायांकडे बघत होते. चप्पल तुटलीय की काय म्हणून मीही बघून घेतलं.

डाव्या दरवाज्याला मोठा ओरखडा आहे. विचारलं तर म्हणे, कुणीतरी घासून गेलं असेल.

१ डिसेंबर, रविवार

चौथ्या गाडीचा शोध. ह्यांच्याबरोबर आज मीही गेले, कारण चालवायला मी लागते. श्रद्धानं तिच्या ऑफिसातली तीन पोरं खराडीच्या एका कॅफेत जमवली होती. एका कॉफीच्या किमतीत आमच्याकडे चौघांचा नाश्ता होतो.

ह्यांनी त्यांना सगळं मन लावून समजावलं. एकानं विचारलं, “अंकल, झीरो टू हंड्रेड किती सेकंदांत?”

हे अगदी खरं बोलले. “शंभर? जातो की. उतार मिळाला तर.”

पोरं हसली. दुसरा म्हणाला, तो घरी खुर्चीवर बसून स्क्रीनवर रेस करतो, साडेसातशे हॉर्सपॉवरची. ह्यांनी कौतुकानं विचारलं, “वा! आणि आपटली तर?” “रीसेट करायचं.” हे मान हलवत राहिले. मला त्या पोरांचा राग आला. ह्यांना नाही आला. माणूस हसण्यावारी नेतोय की त्याला खरंच राग येत नाही, हे इतक्या संसारानंतरही मला सांगता येणार नाही.

निघताना त्या पोरांपैकी एकानं डावीकडून हात पुढे केला, शेकहँडला. ह्यांनी बघितलंसुद्धा नाही, तसेच पुढे. म्हटलं, चला, थोडा तरी राग आला म्हणायचा.

८ डिसेंबर, रविवार

मिळाला! आनंदच्या गाळ्यावर माल वाहणारा टेम्पोवाला, बद्रीनाथ. दिवे घाटाजवळ घर आहे त्याचं. सासऱ्याची जुनी आठशे सीसी घरी धूळ खात पडलीय. हे स्वतः त्याच्या घरी गेले, म्हणजे मी नेलं. त्याची बायको वेणूबाई हिनं चहा दिला आणि थेट विचारलं, “ह्यात आमच्या मान्साला काय व्हनार तर न्हाई ना?”

हे म्हणाले, “माझ्याकडे बघा. मी किती वर्षं करतोय.” वेणूबाईनं ह्यांच्याकडे नीट बघितलं आणि तिची खात्री पटली, की ह्यात घाबरण्यासारखा वेग नसणार.

बद्रीनाथ म्हणाला, “साहेब, मी टेम्पो चालवतुय वीस वर्सं. रेस म्हंजी काय, माल न्यायचा न्हाई येवडंच ना? येतो की. पर सगळ्यांत मागं राहिलो तर यार्डात तोंड दाखवायला जागा न्हाई राहनार, हे आधीच सांगतो.”

“राहणार नाहीस,” हे म्हणाले. इतकं ठाम, की जणू निकाल ह्यांच्या खिशातच आहे.

चार झाल्या. रात्री ह्यांनी दोनदा भात घेतला.

२२ डिसेंबर, रविवार

सोलापूर रस्त्याला एका हौशी गृहस्थानं शेतात बांधलेला ट्रॅक आहे, तिथं सराव. मी डबा घेऊन गेले होते. उसाच्या फडातून वारा येत होता आणि त्या चार डबड्या गुणगुणत फिरत होत्या. खरं सांगायचं तर दृश्य बरं होतं.

जेवणानंतर हे म्हणाले, “सुहास, टायर गार झालेत. जरा एक चक्कर मारून आण.” टायर गार होतात म्हणून बायकोला पाठवायचं? तरी गेले. हडपसरपेक्षा फार सोपं. समोरून कुणी येत नाही, गाय बसलेली नाही, कुणी भाजीची पिशवी घेऊन मध्ये उडी मारत नाही. मी आपली नेहमीसारखी चालवत होते. परत आले तर सगळे माझ्याकडे बघत होते.

श्रद्धा म्हणाली, “काकू, तुम्ही तर ब्रेकच नाही मारून राहिल्या! लाल लाइट एकदाच लागला, बस!”

हे ट्रॅकच्या कडेच्या भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते. म्हटलं, झोप लागली की काय! तर म्हणाले, “परत एक मार.” मी म्हटलं, “टायर तापले की.” “मार गं.”

मी परत मारली. मजा आली. हे फक्त इथं लिहितेय.

५ जानेवारी, रविवार

आज अक्षर वेडंवाकडं येईल.

सकाळी हे अंघोळीहून येताना कपाटाच्या उघड्या दाराला धडकले. डाव्या भुवईवर रक्त. दार नेहमी उघडं असतं. ते तिथंच असतं! मी ओरडले, “दिसत नाही का?” आणि हे म्हणाले, “नाही.”

इतकंच. नाही.

काचबिंदू. डाव्या बाजूचं जवळजवळ गेलंय, उजव्या बाजूचंही कडेकडेनं जातंय. सप्टेंबरपासून माहीत होतं ह्यांना. धुळीसाठी म्हणून जे थेंब घालत होते ते ह्याचे. जे आहे ते थेंबांनी राखता येईल, गेलेलं परत येणार नाही. क्लबाच्या डॉक्टरांची तपासणी शुक्रवारी होती, त्यांनी शर्यतीला साफ नाही म्हटलं. आणि हे दोन दिवस गप्प बसून माझ्या हातची मटकीची उसळ खात होते.

मी काय नाही बोलले! वेंधळा म्हटलं, आळशी म्हटलं, ते सगळं मागच्या पानांवर आहे, वाचवत नाही. “मला का नाही सांगितलंत?” तर म्हणे, “तुझी निवृत्ती आत्ताच झाली. म्हटलं तुला चार दिवस आराम मिळू दे.” असल्या माणसाचं काय करायचं? स्वयंपाकघरात जाऊन रडले. कुकरची शिट्टी होती म्हणून बरं.

९ जानेवारी, गुरुवार

पुन्हा तीन. हे गाडी पुसून ठेवतात. श्रद्धा आणि आनंद येऊन गेले, काहीबाही बोलले, चिवडा खाल्ला. बद्रीनाथला कसं सांगायचं ह्याचीच ह्यांना काळजी. “त्याला मी शब्द दिलाय.”

ह्यांनी मला काही विचारलेलं नाही. किल्ली मात्र देवाजवळ ठेवलीय, जिथं मी रोज निरांजन लावते. पूर्वी ती चपलांच्या कपाटावर असायची.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळगूळ घेऊन हिंमतरावांच्या टायरच्या दुकानात गेले. तिळगूळ हे निमित्त. मला त्यांना चार शब्द सुनवायचे होते.

म्हटलं, “गोड बोलायला सांगतात म्हणून थोडक्यात बोलते. डोळ्यांनी अधू झालेल्या माणसाचा एवढा एक आनंद आहे. तीन गाड्यांना तुमचा ट्रॅक झिजतो का?”

हिंमतरावांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाले, “वहिनी, मलाही वाईट वाटतंय. पण लोकांना आता हॉर्सपॉवर हवी. ह्या वर्गाला कुणी फिरकत नाही. मीही सुरुवात तिथंच केली होती, श्यामसुंदर माझ्या मागे होता.”

“हे मागे? म्हणजे तुमच्याहून हळू?”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “तुम्हाला खरंच माहीत नाही?”

मग सांगितलं. छोट्या वर्गात नवा माणूस आला, की आमचे हे त्याच्या मागे राहतात. दिवसभर. तो घसरला तर मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून, आणि पहिल्याच दिवशी त्यानं शेवटचं येऊ नये म्हणून. एखाद्याची गाडी कुरकुरत असेल तर त्याच्याही मागे. श्रद्धाच्या मागे होते, ऋषीच्या मागे होते, वाफ सोडणाऱ्या आनंदच्या मागे होते. “पहिल्या दिवशी शेवटचा आलेला माणूस पुन्हा येत नाही, वहिनी. त्यानं एकट्यानं हा वर्ग इतकी वर्षं धरून ठेवला. मनात आणलं असतं तर आम्हा सगळ्यांना चहापाणी करून हरवलं असतं.”

“आणि क्लच?” मी विचारलं.

“कसला क्लच?”

जन्मभर मुलींना सांगत आले, की सिद्ध झाल्याशिवाय काही मानायचं नाही. आणि घरात उत्तर जेवत बसलेलं, मला दिसलं नाही. मी ह्यांना शेवटचे समजत होते! किती मोठा माणूस आहे हा, आणि मी त्याला पापड नीट भाजता येत नाही म्हणून हसते.

चहा तसाच ठेवून मी म्हटलं, “चौथ्या गाडीवर माझं नाव लिहा. सुहासिनी. गाडी तीच.”

“वहिनी, तुम्ही?”

“का? डोळे शाबूत आहेत माझे.”

२६ जानेवारी, रविवार

क्लबाचा नव्या चालकांसाठीचा शिकवणीचा दिवस पार पडला. डॉक्टरांनी पास केलं. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, वेणी घालावी लागते, ह्या वयात. शेजारच्या सोसायटीतल्या बाई अंगातला तो शर्यतीचा एकसंध पोशाख बघून म्हणाल्या, “गॅसची एजन्सी घेतली का हो?” म्हटलं, “हो, सिलिंडर हवाय?”

हे शिकवतात छान. एकदाही आवाज चढवत नाहीत. “तिसऱ्या वळणाला लवकर वळू नकोस. थांब. अजून थांब. आता.” मी चालवते नि हे शेजारी डोळे मिटून बसतात, आणि कुठं आहोत ते त्यांना बरोबर कळतं. मी काही त्या क्लचबद्दल बोललेले नाही. तेही विचारत नाहीत, की मी एकाएकी का तयार झाले.

जिंकायचं आहे, असं मी ठरवलंय. ह्या घरानं पुष्कळ पंगती घातल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

चार गाड्या उभ्या राहिल्या. हिंमतरावांनी माइकवर चारही नावं वाचली, माझं वाचताना जरा अडखळले. वर्ग वाचला. हे आधी लिहिते, कारण तेच महत्त्वाचं.

आता बाकीचं.

हे भिंतीपाशी उभे. झेंडा पडायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाले, “भीती वाटते?” म्हटलं, “अहो, मी दहावी ‘ब’ला भूमिती शिकवलीय.” हसले.

श्रद्धा सुसाट पुढे. मग बद्रीनाथ, मग मी. आणि आरशात बघते तर केशरी गाडी! आनंद माझ्या मागे, अगदी आज्ञाधारकपणे. वास्तविक तो माझ्याहून कितीतरी वेगवान. मला कळलं तो काय करतोय. ह्यांची जागा घेतली होती त्यानं. डोळ्यांत पाणी आलं नि संतापही आला. मला कुणी सांभाळायचं नाही! मी सवयीनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि हडपसर गाडीतळाला दाखवतात तसं दाखवलं, जा बाबा पुढे. ट्रॅकवर हात बाहेर काढायचा नसतो, हे झेंडेवाल्यानं रागावून झेंडा हलवल्यावर आठवलं. ताकीद मिळाली. पण आनंद गेला पुढे, बद्रीनाथच्याही पुढे.

राहिलो आम्ही दोघं. बद्रीनाथ टेम्पोच्या सवयीनं प्रत्येक वळणाला ब्रेक मारत होता. मी मारत नव्हते. प्रत्येक फेरीला मी जवळ जात होते. शेवटच्या फेरीत तिसऱ्या वळणाला मी थांबले, अजून थांबले, आणि आतली बाजू समोर मोकळी! एवढा वेग साठला होता, की पाय तसाच ठेवला असता तर मी सहज पुढे. मला ते दिसत होतं, फळ्यावर काढल्यासारखं.

आणि जाळीपलीकडे वेणूबाई दिसली. उठून उभी राहिलेली, पदर तोंडाशी धरून. तिच्या मागे यार्डातले दहा-बारा हमाल, टोप्या हातात घेऊन ओरडतायत.

मी पाय काढला.

बद्रीनाथ तिसरा आला. उतरून त्यानं दोन्ही हात वर केले, हमालांनी त्याला उचलला. “पुढल्या बारीला पन येनार!” असं तो ओरडत होता, आणि त्यातल्या दोघांनी हिंमतरावांना तिथल्या तिथं विचारलं, नाव कुठं लावायचं. ऋषीची टर्बोवाली मोठ्या वर्गात गरम होऊन बंद पडली होती. तो दुपारभर आमच्याच गाड्यांपाशी घुटमळत होता.

मी हेल्मेट काढून ह्यांच्याकडे गेले. हे भिंतीशी तसेच उभे, मान जरा कलती, ऐकत असताना असते तशी.

“सुहास, शेवटच्या फेरीत, तिसऱ्या वळणाला आवाज पडला. काय झालं?”

म्हटलं, “क्लच स्लिप होत होता.”

ह्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, “क्लच नवा आहे. मागच्या बुधवारी बसवलाय.”

“असेल. पण तुमच्या घराण्यात टिकत नाहीत.”

ह्यांनी हात पुढे केला, मी जिथं होते त्याच्या जरा उजवीकडे. मी सरकले आणि तो धरला. इतक्या माणसांत आम्ही कधी हात धरला नव्हता.

येत्या रविवारी सगळे आपल्याकडे. हिंमतराव येतो म्हणालेत, वेणूबाईंनाही सांगितलंय. पुरणपोळी करीन. पुरण ह्यांना वाटायला लावणार आहे, ते हातांनी होतं.